बूट काढून उभा होता

"हात जोड. कॅमेऱ्याकडे बघून म्हण, चुकलं."

दाराबाहेरच्या छोट्या स्पीकरमधून नवऱ्याचा आवाज आला. मी बाहेर, हातात दह्याचे दोन डबे. इथे परदेशात, बिशान भागातला आमचा कॉन्डो फ्लॅट, रविवारची दुपार, आत जेवायला आलेले पाहुणे. जेवता जेवता तो म्हणाला होता, ही लॅबमध्ये बाटल्या धुते. मी म्हणाले, संशोधन करते. बस, एवढंच. त्याने हसत मला दही आणायला खाली पिटाळलं आणि मी परत येईपर्यंत डिजिटल कुलपाचा नंबर बदलला.

आत हशा पिकला. त्यात काकूंचं हसणं मला वेगळं ओळखू आलं. काकू म्हणजे आमच्या इथल्या मराठी मंडळींतल्या वडीलधाऱ्या, सगळ्यांच्या घरच्या. "काय बाई गंमत करता हो तुम्ही!" म्हणाल्या. शेजारीण लिफ्टमधून आली आणि माझ्याकडे न बघता गेली. मी डबे खाली ठेवले. हात जोडले. चुकलं म्हणाले. दार उघडलं. आत जाऊन सगळ्यांना दही वाढलं.

हे पहिलं नव्हतं आणि शेवटचंही नव्हतं. पुढे तो ऑफिसमधूनही फोनवर मला दारात बघायचा. कधी दहा मिनिटं उभी, कधी तासभर. तो घरी आल्यावर आत काय व्हायचं, ते त्या कॅमेऱ्यात दिसत नव्हतं. पीएच.डी. झालेली बाई मी. स्वतःच्या नोकरीच्या पासवर या देशात राहणारी. तरी लोकांना काय सांगायचं म्हणून गप्प राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

डाव्या कानाने ऐकू येईना, त्या दिवशी निघाले. कोर्टाने त्याला माझ्यापासून लांब राहायचा हुकूम दिला. मी शहराच्या दुसऱ्या भागात, बुकित बातोकला भाड्याने फ्लॅट घेतला. मदत करणाऱ्या संस्थेने दार पक्कं करायला एका मलय अंकलना पाठवलं. त्यांनी कुलूप बदललं, आतून साखळी लावली. पिशवीतून कॅमेरा काढला तशी मी ओरडलेच, तो नको! अंकल रागावले नाहीत. माझाच फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "धिस वन, ओन्ली यू सी." मग कुलपाकडे बोट केलं. "नंबर यू चूज. डोन्ट टेल मी." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला सहा आकडे सुचेनात. आठवतील ते सगळे त्याचेच. मी रडत बसले. ते तसेच पाठ करून उभे.

आणि एवढं होऊन मी माती खाल्ली. संक्रांतीला काकूंचा फोन आला. "गुळपोळ्या केल्यात गं. एकटी आहेस, देऊन जाते." आई गेल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी पत्ता दिला.

भर दुपारी बेल वाजली. फोनवर पाहिलं. काकू, हातात डबा. त्यांच्यामागे तो. बूट काढलेले, मोजे आत खोचलेले, जोडी भिंतीशी नीट लावलेली. मी दार उघडेन की नाही, हा प्रश्नच त्याला पडला नव्हता.

 फोनवरूनच स्पीकरचं बटण दाबलं.

"काकू, त्याला इथे यायची मनाई आहे."

"मीच आणलंय त्याला. घरातलं घरात मिटवा. नवऱ्याला असं दारात उभं करतात का?"

"मी उभी होते, काकू. तुम्ही आत जेवत होतात."

 तो पुढे आला. कॅमेऱ्याकडे बघून त्याने हात जोडले.

"चुकलं," म्हणाला. "उघड आता."

"बूट घाल," मी म्हणाले आणि पोलिसांना फोन लावला.

रेकॉर्डिंग त्यांना दिलं. त्यात काकूही आहेत. मंडळी आता मला कशालाच बोलवत नाहीत. दमलेय मी. रोज घरी आले की दोनदा साखळी तपासते, मगच चपला काढते. पण चुकलं म्हटलं की दार उघडतं, ते त्याच्या घरी. माझ्या घरी उघडत नाही.