तक्रार नाही

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ऊन, दुपारी वारा. वन्संच्या गोळ्या संपून आज चौथा दिवस. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली नाही. दुपारी दोघींनी टीव्हीवर जुना सिनेमा पाहिला. वन्सं मध्येच उठल्या.

वहिनींनी रोजनिशीत एवढंच लिहिलं. वन्सं मध्येच का उठल्या, ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

या वन्सं म्हणजे साऱ्या गल्लीची टाचणी. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं तिने कापड बेतलं. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, आणि बोलणंही तसंच टोचणारं. एके दिवशी फळीवरून कापडाचा तागा तिच्या खांद्यावर कोसळला आणि उजव्या हातात जी कळ शिरली ती निघालीच नाही. गेली सहा वर्षं गोळ्यांच्या आधाराने ती घरी कपडे उसवून-शिवून देत होती. गोळ्या थांबल्या तशी कात्री बोटांत ठरेना.

"सवय लागलीय तुम्हाला," नवे डॉक्टर म्हणाले होते. "फाइल बघा, दुखण्याची तक्रारच नाही." आणि एरवी कुणाला न सोडणारी टाचणी गप्प उठून आली होती.

गप्प बसणं ती याच सिनेमातून शिकली होती. त्यातली मुलगी राज्याचा दिवा आणायला काचेच्या जंगलातून अनवाणी जाते. तोंडातून चकार शब्द निघाला तर जंगल जागं होणार. आठ वर्षांच्या टाचणीने तो तीनदा पाहिला होता. पुढे इंजेक्शन असो की दात काढणं, आई म्हणायची, "ती मुलगी रडली होती का?" टाचणी ओठ मिटायची. दवाखान्यातही कुणी "कसं आहे?" विचारलं की "ठीक" म्हणून मोकळी व्हायची.

रविवारी तोच प्रसंग आला. मुलगी जंगलाच्या कडेला उभी, राजा आशीर्वाद देतोय. टाचणी खुर्चीत पुढे सरकली.

"वहिनी, त्याच्या पायात बघा."

"कुणाच्या?"

"राजाच्या. गुडघ्यापर्यंत बूट, दुहेरी शिलाईचे. मागच्या सगळ्या सरदारांनाही आहेत."

"राजा तो. बूट असणारच."

"मग एक जोड तिला द्यायला काय धाड भरली होती?"

वहिनी वाटाणे सोलायच्या थांबल्या. "बूट दिले असते तर सिनेमा पाच मिनिटांत संपला असता, वन्सं."

"संपू दे की. मी मात्र पन्नास वर्षं तिच्यासारखी चालतेय," म्हणत टाचणी उठली आणि कपाटातून बाहेर जायचे कपडे काढू लागली. रविवारी दवाखाना बंद असतो हे वहिनींनाच तिला सांगावं लागलं.

सोमवारी दोघी दार उघडताच हजर. त्या दाराआड, छत्र्यांच्या स्टँडमागे, रुग्णांच्या हक्कांची पाटी होती. ताटकळून ताटकळून टाचणीला ती पाठ झाली होती. ती वापरायची असते हे मात्र कधी सुचलं नव्हतं. तिने आधी खिडकीवर फाइलची प्रत मागितली. एकतीस भेटी, आणि प्रत्येक पानावर तेच: तक्रार नाही.

"हे तुम्हीच सांगितलंत ना?" डॉक्टर म्हणाले.

"मीच. बरं दिसत नाही म्हणून खोटं सांगितलं. आता खरं लिहून घ्या. बटण लावता येत नाही. कात्री धरली की खांद्यापासून करंगळीपर्यंत आग होते."

"हे बघा आजी, या गोळ्यांचे धोके..."

"तुमची आजी घरी असेल. मी पेशंट. धोके सांगा, ऐकते. हळूहळू कमी करा म्हणालात तर तेही करीन. पण तपासायला हातसुद्धा न लावता एका दिवसात बंद करायच्या असतील, तर कारण लेखी द्या, खाली सही करून. पाटीवर सातवा मुद्दा आहे."

डॉक्टरांनी खिसा चाचपला. वहिनींनी आपलं पेन पुढे केलं. "शाईचं आहे. निब दाबू नका."

डॉक्टरांनी पेन घेतलं नाही. ते उठले आणि त्यांनी तिचा खांदा दाबून पाहिला. बोट गळ्याच्या हाडापाशी आलं तसे टाचणीचे ओठ सवयीने मिटले. मग तिने ते मुद्दाम उघडले. "आई गं," ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. "इथं. लिहा."

त्यांनी लिहिलं. पंधरा दिवसांच्या गोळ्या, शिरांची तपासणी, आणि पुढे डोस कमी करायचा तर तिच्याशी ठरवून. टाचणीने उभ्या उभ्या अक्षर न्‌ अक्षर वाचलं आणि कागद परत केला.

"उजवा हात," ती म्हणाली. "तुम्ही डावा लिहिलाय."

त्या संध्याकाळी वहिनींनी लिहिलं: वन्सं गोळी घेऊन लवकर निजल्या. मोरीचा नळ गळत होता, वायसर बदलला.