आबांनी सांगितलेली खोड

परदेशी निघालेल्या माणसाने घर सोडलं तो दिवस म्हणजे विमानतळावरचा, असं सगळे धरून चालतात. माझा तो नव्हता. मी घर सोडलं ते एका पहाटे घोडेगावच्या स्टँडवर, पुण्याच्या एसटीची वाट बघताना. हातात फाइल, फाइलमध्ये पासपोर्ट, फोटो, चष्म्याचा नंबर आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी. शेजारी आबा, माझे वडील. धुतलेलं धोतर, खांद्यावर नवं उपरणं, पायात बाजाराला जायच्या वहाणा.

माझा नवरा दिलीप तीन वर्षांपूर्वी कॅनडात, विनिपेगला, ट्रक दुरुस्तीच्या कामावर गेला. मागोमाग मुलगा शिकायला गेला आणि मी माहेरी आबांकडे राहायला आले. आता बायको म्हणून मला बोलावून घ्यायचा अर्ज दिलीपने केला होता आणि त्यातली शेवटची पायरी राहिली होती, मेडिकल. ती तिकडच्या सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडेच करायची असते, म्हणून पुणे. मी शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं क्लार्की केलेली बाई. त्या दिवसाची सगळी कामं मी क्रमाने लावून ठेवली होती. आबांना सोबत नेणं त्यात कुठेच नव्हतं.

पण आबांनी उभं आयुष्य घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली केलेली. विकणारा आणि घेणारा यांच्या मध्ये उभं राहायचं, उपरण्याखाली हात धरून बोटांनी भाव ठरवायचा. मेडिकल म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजी घेनारा पारखून घेनार. मंग इकनाऱ्याकडनं कुनी नको का?"

तयारी आठवडाभर आधीच सुरू झाली. बाजाराआधी जनावराला खाऊ घालतात, तसं मला सकाळ-संध्याकाळ डिंकाचे लाडू. वहिनी वाढता वाढता म्हणाली, "वन्सं, आता शिंगांना तेल लावायचं तेवढं राहिलंय."

क्लिनिकमध्ये काउंटरवरच्या मुलीने फी मोठ्याने सांगितली. आबा दचकले. "आगं पोरी, भाव असा चारचौघांत वरडत्यात व्हय?" असं म्हणून त्यांनी उपरणं पसरून हात पुढे केला. ती मुलगी एकदा उपरण्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मी मुकाट्याने कार्ड दिलं.

मग उंची, वजन, डोळे, रक्त, लघवी, एक्स-रे. प्रत्येक खोलीतून बाहेर आले की आबा विचारायचे, "काय बघितलं?" शेवटी ते नाराज झाले. "दात न्हाई बघितलं? मंग वय कसं कळलं त्यांना?"

"पासपोर्टवर आहे की, आबा."

"कागदावर काय, कुनीबी लिव्हल."

शेवटी डॉक्टरबाईंची खोली. नर्सने आबांना बाहेर बसायला सांगितलं. आबांनी मान डोलावली आणि माझ्यामागून आत आले. डॉक्टरबाई शांत होत्या. म्हणाल्या, बसू देत. मग एकेक प्रश्न. ऑपरेशन? नाही. बीपी? नाही. लहानपणी टीबी वगैरे?

"नाही," मी म्हणाले. लहानपणी मला डांग्या खोकला झाला होता, असं आई सांगायची. आई आता नाही, पण तिचं म्हणणं घरात पक्कं होतं.

"हुता," आबा म्हणाले.

"काय होता, आजोबा?"

"टीबी. पयलीत हुती ही. नगरच्या सरकारी दवाखान्यातनं औषध चालू हुतं. म्या सोता न्यायचो, जनावराच्या टेम्पोत बसवून. पुरा कोर्स केला. एक सुई चुकिवली न्हाई."

मी चव्वेचाळीस वर्षांची. माझी ही बातमी मला आणि डॉक्टरबाईंना एकाच वेळी कळत होती.

त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. उजवीकडे वर एक बारीकसा डाग. जुना आहे, भरलेला आहे, म्हणाल्या. पण आता बेडका तपासावा लागेल, तीन दिवस सकाळी, आणि पक्का रिपोर्ट यायला दोनेक महिने. तो स्वच्छ आला तर अर्ज पुढे. नाही तर आधी औषधोपचार, मग पुन्हा सगळं.

धडधाकट माणसाला बेडका काढून दाखवायला सांगणं किती अवघड आहे, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. पुण्यात मावसबहिणीकडे मुक्काम केला. रोज सकाळी हातात डबी घेऊन मी लॅबच्या मागच्या मोकळ्या जागेत उभी आणि कुंपणापलीकडून आबा, "खाकर जोरात! लाजू नको! पोटातनं येऊ दे!" तिसऱ्या दिवशी शेजारच्या बिल्डिंगमधला एक माणूस गॅलरीत येऊन मला अंगठा दाखवून गेला.

परतीच्या एसटीत सुपा मागे पडल्यावर राहवेना. "आबा, मी जाऊ नये असं वाटत होतं तर मला सांगायचं. डॉक्टरकडे कशाला बोललात?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नंदे, खोड लपवून दिल्यालं जनावर आठ दिसांत दावनीला माघारी येतं. म्हनून म्या बाजारात कदी लपिवली न्हाई. एकदाच लपिवली."

"कधी?"

"तुझ्या लग्नात. तुझी आई म्हनली, टीबी म्हनल्यावर पोरीला कोन करून घील? म्या गप बसलो. जावयपाव्हन्यांचं तोंड बघितलं की आजून घास आडकतो माझा. आता त्या सरकारला बी फसवू? आन उद्या कळलं, तर तुला माघारी धाडत्याल. माघारी आल्यालं जनावर लई वंगाळ दिसतं, नंदे. मान खाली घालून चालतं."

मला भांडायचं होतं. त्याऐवजी मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

घरी पोचल्यावर दिलीपला फोन करून सगळं सांगितलं. स्पीकर चालू, आबा समोर भिंतीला टेकून बसलेले. मग दिलीप म्हणाला, "म्हणजे आता हिला परत करता येणार नाही का?"

आबा गंभीरपणे फोनकडे वाकले. "आठ दिसांची बोली आस्ती, पाव्हनं. बावीस वर्सं झाली."

दिलीप असा हसला की फोन थरथरला. त्या दिवशी आबांनी दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या.

रिपोर्ट स्वच्छ आला, मागोमाग व्हिसा. निघायच्या दिवशी आबांनी माझ्या सामानातून एक्स-रेचं मोठं पाकीट काढून घेतलं. "हे ऱ्हाऊ दे हितं."

"काय करणार त्याचं?"

"जनावर दिलं तरी दावं कुनी देतं व्हय?"

आता मी विनिपेगला असते. इथे हीटर, स्नो बूट आणि ग्रोसरीचा वार ठरलेला. सगळं जागच्या जागी आहे. मला असंच आवडतं. फॅमिली डॉक्टरकडे नवा फॉर्म भरताना टीबीच्या चौकटीत मी न थांबता येस लिहिते. काउंटरवरची बाई फी सांगते तेव्हा मात्र हात उगाच उपरणं शोधतो. ओळखीतले जे गावी राहिले आणि जे माझ्यासारखे निघून आले, ते दोघेही विचारतात, आता घर कुठलं? कपाट लावलेलं आहे ते घर इथे. आणि माझी खोड ज्यांना पाठ आहे ते घर तिथे, गोठ्यात.

गोठ्यातच, कारण आबांनी तो एक्स-रे खिडकीच्या गजांत अडकवलाय. व्हिडिओ कॉलवर फोन तिकडे फिरवतात. माझ्या बरगड्यांतून घोडेगावचं ऊन येतं, खाली म्हैस रवंथ करत असते. कोणी पाहुणा आला की आबा त्याला जवळ नेऊन बोट ठेवून दाखवतात, वहिनी सांगते.

"ही आमची नंदी. हितं जरा डाग हाय. पन सांगून दिलीया."