उसन्या दिलेल्या सहा जणी

हांडे सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी संपादकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी चुकीचा नंबर तर फिरवला नाही ना, अशी मला शंका आली. सर अकोल्याचे, मी मिरजगावची. जिल्ह्याच्या एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला मी. मी त्यांची विद्यार्थिनी नाही, त्यांच्या शाळेत कधी नोकरीलाही नव्हते. दर हंगामात रग्बीच्या मैदानावर त्यांच्या मुलींना हरवायचा प्रयत्न करायचा, एवढाच काय तो माझा त्यांच्याशी संबंध. संपादक म्हणाले, म्हणूनच तुम्ही लिहा, स्तुती करणारे पुष्कळ मिळालेत. आता मीही स्तुतीच करणार आहे, त्याला माझा इलाज नाही.

ज्यांना सरांची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. श्री. विठ्ठलराव हांडे हे अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. मूळचे कबड्डीचे खेळाडू. पुण्यातल्या एका शिबिराला गेले आणि येताना एक लांबोळका चेंडू काखेत मारून आले. शाळेला धड मैदान नव्हतं, म्हणून भात कापून झाल्यावर रिकाम्या खाचरांत त्यांनी मुलींना खेळवायला सुरुवात केली. धावत येणाऱ्या खेळाडूला पाडायचा सराव करायचा तर त्यासाठी जाड गाद्या लागतात. सरांनी पोत्यांत भाताचा पेंढा ठासून भरला आणि पोती झाडांना टांगली. निवृत्त झाले तरी अजून ते रोज संध्याकाळी मैदानावर असतात, आणि वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे घरी फक्त जेवायला येतात.

हंगाम संपला की सर आपला संघ घेऊन दौऱ्यावर निघतात. दोन जीप, त्यांत कोंबून बसलेल्या मुली, टपावर पातेली आणि चेंडूंची जाळी. ज्या गावात रग्बी नवी असेल तिथे जायचं, शाळेच्या वर्गात मुक्काम करायचा, सामना खेळायचा आणि दोन्ही संघांनी एका पंगतीत जेवायचं. स्पर्धा नाही, करंडक नाही. अशाच एका दौऱ्यात सर मिरजगावला आले, तीच आमची पहिली ओळख.

मी मुळात भूगोलाची शिक्षिका. आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती आणि तेव्हा शिक्षकांत सर्वांत लहान मी होते, म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात पडली. एका प्रशिक्षणात रग्बी पाहिली, मुलींना शिकवली, आणि मुलींनी ती अशी काही उचलली की मीच चकित झाले. मुख्याध्यापकांना मात्र हे धसमुसळं प्रकरण पसंत नव्हतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की गावासमोर एक सामना नीट करून दाखवा. झाला तर पुढच्या वर्षी चालू ठेवू, नाहीतर मुलींचा मैदानाचा तास बंद आणि त्या वेळात जादा गणित. मी कुणाकडून तरी सरांचा नंबर मिळवला आणि दौऱ्याचा शेवटचा सामना आमच्याकडे खेळा म्हणून गळ घातली. सर लगेच हो म्हणाले. त्या हंगामात त्यांचा संघ एकदाही हरला नव्हता. दौऱ्यातही नाही. येता येता नागापूरच्या कामगार वसाहतीतल्या मुलींच्या तगड्या संघालाही ते हरवून आले होते.

आदल्या दुपारी जीप आल्या. मी हार घेऊन उभी. सर उतरले, माझ्याकडे न बघता सरळ मैदानात गेले, वाकून एक खडा उचलला आणि विचारलं, "घमेली आहेत का?" मला जरा रागच आला. पण पाचच मिनिटांत त्यांच्या मुली आणि आमच्या मुली एका ओळीत उभ्या राहिल्या आणि मैदानातले खडे वेचत या टोकाकडून त्या टोकाला निघाल्या. आमचं मैदान म्हणजे निव्वळ मुरूम. त्यांची कर्णधार कल्याणी आणि आमची आठ नंबरची प्रतीक्षा यांनी एक घमेलं धरलं होतं, आणि मैदान संपेपर्यंत दोघींच्या गप्पा काही संपल्या नाहीत. माझा हार शेवटी टेबलावरच राहिला.

घोळ झाला तो त्या संध्याकाळी. गावातल्या तरुण मंडळाच्या मुलांनी हौसेनं, मला न विचारता, चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. वरती हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे चेहरे आणि खाली आमच्या मुलींचा सरावाचा फोटो, अर्ध्या चड्डीतला, धुळीनं माखलेला. शाळेच्या आवारात जे वर्षभर कुणाला खटकलं नव्हतं ते चौकात, पुढाऱ्यांच्या खाली, दहा फुटी होऊन उभं राहिलं. मंडळाच्या मुलांना बिचाऱ्यांना वाटत होतं की आपण गावाच्या लेकींचा मान वाढवला.

सकाळी पंधरापैकी आमच्या नऊच मुली आल्या. एकीला ताप होता, एकीकडे पाहुणे आले होते, एक मामाकडे गेली होती. प्रतीक्षाच्या घरून तर निरोपही नव्हता. मैदानाच्या कडेला गाव जमायला लागलं होतं. मुख्याध्यापक खुर्ची टाकून बसले होते आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. मी सरांकडे गेले आणि सांगितलं की सामना होणार नाही, माफ करा, तुम्हाला एवढ्या लांब उगीच बोलावलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांना दिसलं असणार. त्यांनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. फक्त किती कमी आहेत ते विचारलं आणि म्हणाले, आमच्यातल्या सहा घ्या, तुम्हीच निवडा.

मी भिडस्तपणे त्यांच्या राखीव मुलींतल्या सहा लहानखुऱ्या दाखवल्या. सरांनी तोंड वाकडं केलं. "मॅडम, शेजारणीकडं भाजी मागायला गेलं तर किडकी मागतात का? कल्याणीला घ्या. आमच्यात सगळ्यांत चांगलं पाडती ती."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण त्यांनी कल्याणीसकट सहा जणींना बाजूला घेतलं, आमच्या पिवळ्या जर्सी त्यांच्या हातात दिल्या आणि बजावलं की आता तुम्ही मिरजगावच्या, माझ्याकडं बघायचं नाही. एक अट मात्र त्यांनी घातली. जिची जर्सी आहे ती मुलगी आली, की खेळ कुठेही असो, जर्सी तिला परत द्यायची. मी मनात म्हटलं, येतंय कोण.

सामना सुरू झाला तेव्हा लोक हसत होते. मग कल्याणीनं चेंडू घेऊन सुसाट येणाऱ्या आपल्याच शाळेतल्या मैत्रिणीला आडवं पाडलं, उठली, तिला हात देऊन उभं केलं आणि पुन्हा पळत सुटली. हसणं थांबलं. मुरमानं तिचं कोपर सोलून निघालं, गुडघ्यावर लेगिंज फाटली. शाळेच्या भिंतीशी बायका उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं मला विचारलं, ही आठ नंबरची कुणाची पोरगी? अकोल्याची, मी म्हटलं. मग आपली आठ नंबरची कुठंय, असं तिनं विचारलं आणि सगळ्या जणी प्रतीक्षाच्या आईकडे, वनिताबाईंकडे बघायला लागल्या. वनिताबाई पदर सावरून तिथून तडक निघून गेल्या. झालं, आता उद्या या बाई मुलीचा दाखलाच काढायला येणार, असं मला वाटलं.

मध्यंतराला त्या परत आल्या. प्रतीक्षाचं मनगट घट्ट धरलेलं, पोरगी शाळेच्या गणवेशात, रडून डोळे सुजलेले. कल्याणी पाणी पीत होती. तिच्या कोपराकडे वनिताबाईंनी बराच वेळ बघितलं आणि मग मला म्हणाल्या, "मॅडम, ही पाव्हन्याची पोर आमच्या गावासाठी रगात काढून घ्याया लागलीय, आन आमची घरात बसलीय व्हय? मला न्हाई बघवत. पन हिच्या अंगात हाय तशी काळी इजार आमचीला द्या. तेवढं मातूर पायजे."

मी काही बोलायच्या आत सरांनी आपल्या पिशवीतून लेगिंजची चवड काढली. आमच्याकडं भाताचे खुंट टोचतात म्हणून आमच्या मुली चड्डीच्या आतून घालतात, ते वनिताबाईंना अगदी सहज म्हणाले, आणि तुमच्याकडं मुरूम आहे, म्हणजे इथंही लागणारच. लाजलज्जेचा, फ्लेक्सचा, गावाच्या मागासपणाचा एक शब्द नाही. मी असते तर तिथे भाषण ठोकलं असतं आणि बाई मुलीला घेऊन परत गेल्या असत्या. समोरच्याला मान खाली घालावी न लागता आपलं म्हणणं पटू द्यायचं, ही सरांची हातोटी मी तिथे पहिल्यांदा पाहिली. पुढे कित्येक पालकांशी बोलताना मी तीच वापरली आहे, आणि त्याचं श्रेय आजवर कुठेही दिलेलं नाही, ते इथे देते.

कल्याणीनं वर्गात जाऊन जर्सी बदलली आणि प्रतीक्षाला दिली. देताना घामानं ओली झाल्याबद्दल माफीही मागितली. पाठोपाठ भिंतीशी कुजबुज झाली, दोन बायका घराकडे गेल्या, आणि सामना संपेपर्यंत आमच्या न आलेल्या सहापैकी चौघी मैदानावर आल्या. उरलेल्या दोघी आल्या नाहीत. त्यांतली एक पुन्हा कधीच खेळली नाही, तिचं वाईट मला अजून वाटतं.

मी सरांना म्हटलं, आता कल्याणीला तुमच्याकडून खेळवा. त्यांनी मान हलवली. अर्धा सामना तुमच्यासाठी खेळल्यावर आता तिला तुमच्यावर कसं सोडू, असं म्हणून त्यांनी आपल्या कर्णधाराला कडेला बसवलं. आणि सर हरले. अगदी शेवटी आमच्या जर्सीत राहिलेल्या त्यांच्याच एका मुलीनं चेंडू रेषेपलीकडे टेकवला आणि गावानं मैदान डोक्यावर घेतलं. सरांनी टाळ्या वाजवल्या. मग ते जीपच्या मागे गेले आणि चाकाला एक सणसणीत लाथ घातली. मी ती पाहिली. सरांना हरणं जराही सोसत नाही, हे या ग्रंथात दुसरं कुणी लिहिलं नसेल तर मी लिहिते. ते परत आले तेव्हा हसत होते, आणि पंगतीत वनिताबाईंनी आणलेलं पिठलं त्यांनी दोनदा मागून घेतलं.

सोमवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मुलींचा मैदानाचा तास त्यांनी पुढच्या वर्षीसाठी कायम केला होता. जादा गणिताचं मग कधी नाव निघालं नाही.

त्या दिवशी सरांनी काय गमावलं, ते मला पुढच्या वर्षी आमचा दौरा अकोल्याला गेला तेव्हा समजलं. सरांच्या घरी आम्ही जेवायला बसलो होतो. शकुंतलावहिनी भात वाढता वाढता बोलून गेल्या की संस्थेनं यांना शब्द दिला होता, हंगामभर आणि नंतरच्या दौऱ्यातही न हरता या, शाळेमागची जागा सपाट करून तुम्हाला मैदान करून देऊ. मिरजगावला हरले आणि मैदान राहिलं. अध्यक्षांनी बोलावून विचारलं, तर हे म्हणाले, हरलो. का हरलो, काय झालं, काही सांगितलं नाही. मी सरांकडे पाहिलं. ते वहिनींना म्हणाले, मुलींना भात वाढा, त्या लाजताहेत. त्यांना ते मैदान मिळायला त्यानंतर आणखी काही वर्षं गेली, आणि तोवर त्यांच्या मुली खाचरांतच खेळत राहिल्या.

मी आभार मानायचा पुष्कळदा प्रयत्न केला, सर विषय बदलतात. माझ्या यजमानांचं मोठं आजारपण निघालं, तेव्हा महिनाभर मला मैदानावर जाता आलं नाही. एक दिवस प्रतीक्षाचा फोन आला की मॅडम, काळजी करू नका, हांडे सर दर शनिवारी येऊन आमचा सराव घेताहेत. अकोल्याहून मिरजगाव म्हणजे अर्धा दिवस एसटी. मला त्यांनी कळवलंसुद्धा नव्हतं. भेटल्यावर मी भांडले, तर म्हणाले, तुमच्या मुली ढिल्या पडल्या असत्या तर आम्हाला खेळायला मजा काय? अशा माणसाचे आभार समोरासमोर मानताच येत नाहीत, म्हणून या पानांचा आडोसा घेऊन मानते आहे.

सर, तुमच्यामुळे आमच्या गावात मुली खेळतात. इतकं साधं वाक्य आहे, आणि ते तुम्हाला सांगायला मला ही पानं लागली. त्या दिवशी सामना झाला नसता, तर प्रतीक्षाला आणि तिच्यानंतर आलेल्या कितीतरी जणींना, आपण जोरात पळू शकतो, पडू शकतो आणि उठू शकतो, हे कळलंच नसतं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही म्हणता की आता दौरे पुरे. मुळीच नाही. तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, गुडघा पुन्हा ठणठणीत होवो, आणि हंगाम संपला की तुमच्या जीप मिरजगावच्या रस्त्याला लागोत. आमच्या पंधराच्या पंधरा जणी मैदानावर उभ्या असतील. या, आणि आमच्याकडून हरून जा.