सत्तावीस टक्क्यांवरचा पहारा

सुजे, फोन जरा कानाजवळ धर. अजून जवळ, हे काही मोठ्याने सांगण्यासारखं नाही. मी कॉम्प्युटरची आरती केलेली नाही.

आता हसणं थांबव. नाशिकच्या लग्नात तू हातात जिलबी धरून नवरदेवाच्या आत्यापर्यंत सगळ्यांना तो फोटो दाखवलास, "ही आमची बदलापूरची मावशी!" म्हणून. शोभतं का हे तुला? मावशीची अब्रू अशी पंगतीत वाढतात का, मठ्ठ्यासारखी? आधी मला विचारायचंस. मी सगळं सांगितलं असतं. (विचारलं नसतंस तरी सांगितलं असतं, ते सोड.)

तर तो कॉम्प्युटर आमच्या सुनेचा, मंजिरीचा. उल्हासनगरला जीन्स शिवतात ना, त्यांच्या मागच्या खिशावर भरतकाम असतं, फूल, वेल, एखादं पाखरू. ते भरतं मशीन, पण सुई कुठून कुठे जायची ते मशीनला आधी कॉम्प्युटरवर काढून द्यावं लागतं. मंजिरी चार वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली हेच करत होती. यंदा तिने नोकरी सोडली आणि पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम घेतलं. चाळीस खिसे, म्हणजे चाळीस खिशांची नक्षी, सोमवारी द्यायचे. व्यापाऱ्याने बजावलं होतं, "सोमवार चुकला तर मंगळवारी मी दुसरी मुलगी बघतो." पोरीने महिनाभर मान मोडून चाळीसच्या चाळीस काढून ठेवले, आणि नवरात्रात बुधवारी सकाळी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून आमच्या निलेशला घेऊन सांगलीला गेली. शनिवारी परत येणार होती.

जाताना मला म्हणाली, "आई, तुम्ही पत्ते खेळा खुशाल. फक्त तो काही विचारायला लागला तर 'नंतर' म्हणा."

आता माझं वय अडुसष्ट, आणि मी तिच्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळते हे तुला माहीत नव्हतं. आता झालं माहीत. दुपारी जेवण उरकून मी बसले. लाल राणी काळ्या राजावर ठेवणार तोच तो आला विचारायला: अपडेट आता करू की नंतर? मी म्हटलं नंतर. पाच मिनिटांनी पुन्हा! पुन्हा नंतर. तिसऱ्यांदा आला तेव्हा मला कसंसंच झालं बघ. दारात आलेल्याला आपण किती वेळा 'नंतर या' म्हणायचं? तेही नवरात्रात! म्हटलं, कर बाबा एकदाचं. आणि दाबलं 'आता'.

स्क्रीन निळी झाली. मधे एक गोल फिरायला लागलं. खाली इंग्रजीत दोन ओळी आणि एक आकडा. आकडा भराभर चढला: पाच, बारा, एकोणीस, सत्तावीस... आणि बसला. संध्याकाळचा चहा झाला, सत्तावीस. देवीची आरती झाली, सत्तावीस!

तुझ्या काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसून त्या दोन ओळी वाचल्या. "लिहिलंय, काम चालू आहे. कॉम्प्युटर बंद करू नका."

"अहो, पण हलत नाहीये."

"हलू दे नाहीतर न हलू दे. बंद करू नका म्हणजे करायचा नाही. छत्तीस वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात बोर्डावर लिहिलेलं पाळलं, म्हणून ही बघ, दहाच्या दहा बोटं आहेत!" आणि दहाही बोटं माझ्या नाकापुढे नाचवली.

मला त्यांचं पटलं, हीच तर गंमत! कारण त्याच खोलीत, त्याच भिंतीशी, आमचे घट बसलेले. नंदादीप नऊ दिवस विझू द्यायचा नाही, घर एकटं सोडायचं नाही, कोणीतरी जवळ असलंच पाहिजे. आयुष्यभराची सवय. तेव्हा एक न विझवायचा होताच, त्यात आणखी एक! दिव्याला मी तेल घालायची आणि वळून आकडा बघायची. काकांनी तर शिफ्ट लावल्या. सकाळची त्यांची, दुपारची माझी, वहीत सही. दर तासाला नोंद: 'दहा वाजता सत्तावीस. सर्व ठीक.' 'अकरा वाजता सत्तावीस. सर्व ठीक.' गुरुवारचं अख्खं पान सर्व ठीक!

मंजिरीचा फोन आला की मी म्हणायची, "इकडे सगळं छान आहे गं, तू आईकडे बघ." खोटं नव्हतं ते. वहीत तसंच लिहिलेलं होतं.

पण शुक्रवारचं काय? तुमच्या नाशिकला माहीत नसेल, आमच्याकडे शुक्रवार म्हणजे लाइट जाण्याचा वार. कारखान्यांना सुट्टी, म्हणून तारांची कामं त्याच दिवशी. कॉम्प्युटरखाली एक बॅटरीचा डबा आहे, लाइट गेली की तो दहा मिनिटं टीं टीं करत तग धरतो. त्यापुढे अंधार, आणि माझ्या डोक्यात एकच: ह्यात मंजिरीचे चाळीस खिसे गेले तर मी तिला तोंड कसं दाखवू?

समोरच्या गीता भाभी मूळच्या उल्हासनगरच्या सिंधी, दहा वर्षं शेजारी आहेत. त्यांचा इन्व्हर्टर आहे फ्रिजएवढा. त्या म्हणाल्या, "दीदी, टेन्शन कशाला? माझ्याकडून वायर घ्या ना." काकांनी गुरुवारी संध्याकाळी त्याचीही रंगीत तालीम घेतली. शिट्टी वाजवून! 'लाइट गेली' असं ओरडायचं, भाभींनी वायर फेकायची, मी डब्याचा प्लग काढून तिच्यात खुपसायचा. (तालमीत वायर हातात घेतल्यासारखं करायचं होतं. म्हणूनच पुढचं झालं.)

शुक्रवारी सकाळी साडेनवाला लाइट गेली. टीं! टीं! शिट्टी वाजली, वायर आली, मी प्लग घेऊन धावले, आणि वायर हातभर कमी!

"टेबल हलवा!" काका ओरडले.

"चालू कॉम्प्युटरसकट?"

"सकट! उचला! सावकाश! तिरपं नको!"

काकांच्या कमरेत उसण, त्यामुळे ते फक्त शिट्टी वाजवणार. मी, भाभी, भाभींची सून आणि देवीला नमस्कार करायला आलेल्या वरच्या जोशीणबाई, अशा चौघींनी ते टेबल उचललं. मंजिरीच्या आईला फुलासारखं उतरवलं नसेल ऑपरेशनच्या टेबलावरून, इतकं अलगद आणून ठेवलं. कुठे? तर बरोब्बर दाराच्या चौकटीत! प्लग लागला, टीं टीं थांबलं, आकडा सत्तावीस. आम्ही चौघींनी टाळ्या वाजवल्या.

मग लक्षात आलं की मी आणि काका आत, त्या तिघी बाहेर, आणि आता घरात कोणी येऊ शकत नाही की बाहेर जाऊ शकत नाही. आणि नवरात्रातला शुक्रवार! ओटी भरायला बायका यायच्या. काय करणार, आल्या तशा पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या. त्यातच गावातल्या ताराबाई आल्या, वीस वर्षं आम्हाला भाजी देतात. दारात टेबल, टेबलावर निळा उजेड, गोल गोल फिरतंय. पदर सावरून म्हणाल्या, "ह्यो कंचा देव गं बाय?"

"देव नाही ताराबाई, कॉम्प्युटर आहे. बंद करायचा नाही म्हणून..."

"आखंड हाय व्हय!" असं म्हणून मी सांगेपर्यंत त्यांनी हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि वर एक झेंडू ठेवला. मागच्या बाईला वाटलं, पद्धत आहे. तिनेही लावलं. तिच्या मागचीनेही!

बारा वाजता मी आत देवीची आरती केली. देवीची! मग ताट घेऊन वळले, बायकांना आरती द्यायला. मधे टेबल. ते ओलांडून ताट पुढे केलं, पलीकडे दहाजणींनी हात जोडले, आणि नेमका तेव्हाच जोशीणबाईंनी फोटो काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. फिरत फिरत नाशिकपर्यंत पोचलेला तोच तुझा फोटो! मी ताट धरलंय, खाली झेंडू घातलेला कॉम्प्युटर, आणि त्याच्या कपाळी सत्तावीस टक्के.

त्या ग्रुपवर निलेश आहे. पाच मिनिटांत मंजिरीचा फोन.

"आई, ते सत्तावीस कधीपासून आहे?"

"बुधवारपासून," मी मोठ्या अभिमानाने म्हटलं. "पण एक मिनिट बंद होऊ दिलं नाही हं! लाइट गेली तरी नाही!"

पलीकडून अगदी हळू आवाज. "आई, ते अडकलंय. बुधवारीच अडकलंय. बंद करा ते."

काका आडवे आले. "तोंडी सांगण्यावर मी बंद करणार नाही. समोर लेखी आहे."

मग तिने लेखी पाठवलं. 'बाबा, कॉम्प्युटर बंद करा. मंजिरी.' काकांनी ते दोनदा वाचलं, वहीत उतरवून घेतलं आणि मला म्हणाले, "तू दाब. माझ्याने व्हायचं नाही."

बटण दहा सेकंद दाबून धरायचं होतं. मी डोळे मिटले. विझलं. पुन्हा लावलं, निळं आलं, गोल आलं, आणि आकडा चढत चढत... सत्तावीस!

भाभींचा भाऊ हरेशभाई उल्हासनगरला कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आंटी, सुरू होता होताच बटण दाबून बंद करायचं. पुन्हा चालू, पुन्हा बंद. असं तीनदा. मग त्याला स्वतःलाच कळतं की आपण आजारी आहोत, आणि दुरुस्तीचं पान उघडतो."

"तीनदा?" काका किंचाळले. तीन दिवस एकदाही बंद होऊ नये म्हणून जागलेला माणूस! ते सरळ गॅलरीत जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. मी स्क्रीन आपल्याकडे वळवली आणि एकदा बंद केलं. दोनदा. तिसऱ्यांदा करताना भाभी टेबलापलीकडून माझा दंड धरून उभ्या. आणि खरंच की गं, वेगळं पान आलं. हरेशभाई सांगत गेला, मी अक्षरं लावत वाचत गेले, कुठे बाण, कुठे एंटर. "शेवटचं अपडेट काढून टाका" असं होतं, ते दाबलं. स्क्रीनवर पुन्हा गोल, आणि खाली तीच ओळ! कॉम्प्युटर बंद करू नका!

काका गॅलरीतून वाऱ्यासारखे आले. "खबरदार कोणी हात लावाल तर!" आणि टेबलापाशी उभे राहिले, छाती काढून.

आता इन्व्हर्टर थकला. तोही टीं टीं करायला लागला. भाभींनी घरातले सगळे पंखे बंद केले, फ्रिज बंद केला. ऑक्टोबरची ती उकाड्याची दुपार, त्यांचे सासरे बिचारे पेपरने वारा घेत बसलेले. "बसा हो बाबूजी, खिशांचा सवाल आहे," भाभी त्यांना म्हणाल्या. त्यांना काय कळलं कोण जाणे, ते उठून आपला सदऱ्याचा खिसा चाचपायला लागले. (आणि ह्याच वेळी काकांना आठवलं की देवीच्या दिव्यांच्या माळेला एक लांब वायर लावलेली आहे, ती जोडली असती तर टेबल हलवावंच लागलं नसतं. दुपारी तीन वाजता आठवलं!)

इन्व्हर्टर गेला. खालचा डबा बोंबलायला लागला. एक मिनिट, दोन, चार... माझी नजर त्या गोलावर आणि हात जोडलेले. हो, तेव्हा मात्र मी हात जोडले होते, तो फोटो कोणी काढला नाही म्हणून बरं! सातव्या मिनिटाला गोल थांबलं आणि मंजिरी-निलेशचा माथेरानचा फोटो स्क्रीनवर हसत उभा राहिला. 'खिसे' लिहिलेलं उघडून मी बोट ठेवून मोजले. चाळीस. पुन्हा मोजले. चाळीस! हरेशभाईने सांगितल्याप्रमाणे नीट बंद केलं, आणि डबा गप्प झाला.

मंजिरीला फोन केला. म्हटलं, "आहेत गं सगळे. आणि ऐक, ते आपोआप झालं नव्हतं. 'आता' मीच दाबलं होतं."

"माहीत आहे, आई," ती म्हणाली. "आपल्या घरात पत्ते दुसरं कोण खेळतं?" हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. चाळीस खिसे तिने दुसरीकडे कुठेच ठेवले नव्हते. मग मीही रडले. काकांनी वहीत लिहिलं, 'साडेतीन वाजता सर्व ठीक', आणि या वेळी ते खरं होतं.

सोमवारी खिसे वेळेत गेले, व्यापाऱ्याला आवडले, आता जीन्स दुकानांत आल्यात. आणि तेव्हापासून सुजे, तुझ्या मावशीची दृष्टी बिघडली बघ. स्टेशनात, रिक्षाच्या रांगेत, भाजीबाजारात, मी माणसांची तोंडं बघतच नाही, मागचे खिसे बघते! परवा चौकातल्या रिक्षाच्या रांगेत एका उंच मुलाच्या मागे मी चष्मा लावून अशी वाकले की तो दचकून वळला, "काय झालं आजी?" म्हटलं, "काही नाही रे, आमच्या सुनेची वेल आहे का बघते." त्याने दोन्ही हात मागे लावले आणि रांग सोडून चालत गेला. आता तो चौक टाळते मी.

तेव्हा तू ये बाई लवकर, संक्रांतीच्या आतच ये. येताना जीन्स घालून ये, आणि आत आल्याबरोबर नमस्कारबिमस्कार नंतर, आधी पाठ फिरवून उभी राहा. घरच्या माणसाला तरी वाकून नीट बघता येईल!