धाकटीनं खाली ओढलेला बेस

माझी धाकटी जाऊ दिसायला गरीब गाय. पण तिच्याशी वाद घालायला येणाऱ्यानं पोटभर जेवून यावं, कारण ती लवकर सोडत नाही.

तिच्या लग्नाआधी आम्ही दोघी एकाच कारखान्यात, यंत्रमागावर. दिवसभर असा खडखडाट, की शेजारणीचं बोलणं ओठ बघून समजून घ्यायचं. दिरासाठी मीच ती पसंत केली. पुढं कारखाना बंद पडला, पण जाता जाता आमचे कान अर्धे घेऊन गेला. माणसाचा जाडा आवाज येतो, पण स, त, क असली बारीक अक्षरं निसटतात. तिचा डावा कान तर उजव्याहून मंद.

तरी ती जिद्दीनं टायपिंग शिकली आणि चौकशीच्या कचेरीत लागली. तिथं साक्षीदार बोलतो ते रेकॉर्ड होतं, आणि ह्या बायका कानाला हेडफोन लावून ते शब्दाला शब्द टाइप करतात. धाकटीचा एक नेम. नीट ऐकू आलं नाही तिथं रिकामी जागा सोडायची, अंदाजानं भरायचं नाही. मला म्हणायची, "ताई, दुसऱ्याच्या तोंडात आपला शब्द घालायचा आपल्याला काय हक्क?"

वीस वर्षं बरी गेली. मग नवे साहेब आले, त्यांनी नवे हेडफोन आणले. कॉम्प्युटरवर त्यांची सेटिंग. उभ्या पट्ट्या असतात, जाड्या आवाजाची वेगळी, बारीक आवाजाची वेगळी, त्यावरचा ठिपका वरखाली सरकवायचा. इक्वलायझर म्हणतात त्याला. मेकॅनिक आला, त्यानं सगळ्यांचा बेस, म्हणजे जाडा आवाज, चढवला, आवाज चहूकडून घुमवणारं सराउंड चालू केलं, आणि प्रत्येक टेबलावर चिठ्ठी डकवली: हात लावू नये.

झालं. धाकटीला साक्षीदार विहिरीत बसून बोलल्यासारखा वाटायला लागला. घुमतंय नुसतं, अक्षर एक कळेना. तिच्या पानावर रिकाम्या जागाच जागा. साहेबांनी पान उचलून धरलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, ही काय चाळणी आहे? सोमवारपासून फायलींच्या खोलीत बसा. कान थकलेत तुमचे."

घरी आली ती चप्पलसुद्धा न काढता स्वयंपाकघरात. "ताई, कान तीस वर्षांमागंच थकलेत. तरी वीस वर्षं काम केलं ना? थकलेल्या कानानं कसं ऐकायचं ते मला ठाऊक आहे, त्या मेकॅनिकला नाही."

दोन दिवस सुट्टीचे होते. तिनं माझ्या मुलाचा मोबाइल आणि हेडफोन घेतला. त्यातही तसल्याच पट्ट्या. मला नळ सोडून भांडी घासायला लावली आणि वर म्हणाली, "बोला."

"काय बोलू?"

"एरवी नाही विचारत तुम्ही."

मी आमच्या सासूबद्दलचं गाऱ्हाणं सुरू केलं, ते संपेना. तिनं ते रेकॉर्ड करून शंभरदा ऐकलं. सराउंड आधी बंद. बेस पार तळाला, म्हणजे नळाची घरघर गेली. मधल्या पट्ट्या वर. बारीक आवाजाची पट्टी थोडीच वर, फार चढवली तर कानात सुई टोचते. डावी बाजू उजवीपेक्षा मोठी. शेवटी म्हणाली, "ताई, तुम्ही आईंबद्दल काय काय बोललात ते आत्ता कळलं." मी म्हटलं, पुसून टाक आधी.

सोमवारी ती फायलींच्या खोलीत गेलीच नाही. आपल्या खुर्चीवर बसली, चिठ्ठी उपटली, पट्ट्या लावल्या. साहेब आले.

"सेटिंगला हात कोणी लावला?"

"मी."

"कोणाला विचारून?"

"कानाला. साहेब, एकच रेकॉर्ड आम्हा चौघींना द्या. मग ज्याचं बोलणं आहे त्यालाच वाचून दाखवा. माझं चुकलं तर मी फायलींत जाते, तक्रार करणार नाही."

साक्षीदार क्रेन चालवणारा होता, सही करायला त्या दिवशी येणारच होता. त्याच्यापुढं चारी पानं वाचली. तिघींची पानं गच्च भरलेली, दिसायला देखणी. पहिल्याच पानाला तो म्हणाला, "हे मी बोललोच नाही." दुसऱ्यात दोन वाक्यं त्याची नव्हती, तिसऱ्यात एक. धाकटीच्या पानात तीन रिकाम्या जागा. एक त्यानं सांगून भरली. उरलेल्या दोन ठिकाणी म्हणाला, "इथं मी खोकलो होतो."

त्यावर तिघींतली थोरली टेबलावरून म्हणाली, "साहेब, आम्हालाही घुमतच होतं. रिकामं सोडलं तर तुम्ही बोलता, म्हणून भरलं." साहेबांनी मान खाली घातली. पण माणूस अडून बसला की बसलाच. फायलींच्या खोलीचं नाव त्यांनी परत काढलं नाही, मात्र नियम मोडल्याचा लेखी खुलासा मागितला. तिघी म्हणाल्या, माफी मागून टाक, संपवून टाक, आता खुर्ची कुठं जात नाही तुझी.

धाकटीनं तिथंच टाइप केलं. मला तिनं पाठ म्हणून दाखवलं, एकच ओळ: "सेटिंग मी बदलली, माझ्या कानाला लागते तशी, आणि कोणी परत बदलली तर मी परत लावीन." खाली सही केली, साहेबांच्या हातात दिली, आणि हेडफोन चढवून पुढच्या साक्षीदाराचं टाइप करायला बसली.