टपालताईंची वाटी

सतरा वर्षं ती एकाच भागात टपाल वाटत होती. सगळ्या जुन्या चार मजली इमारती, लिफ्ट एकीलाही नाही. कुठली घंटा वाजत नाही, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, सगळं तिला तोंडपाठ. लोक तिला टपालताई म्हणत. जिने ती चढायची झपाझप, पण उतरताना कठडा काही सोडायची नाही. एकेक पायरी उतरताना डाव्या गुडघ्याच्या वाटीमागे काहीतरी करकरायचं आणि दुखायचं.

दुखणं जुनंच होतं. शाळेत असताना दोरीच्या उड्या मारता मारता वाटी बाहेरच्या अंगाला सरकली आणि आपोआप जागेवरही आली. आई म्हणाली, "उड्याच मारू नकोस, म्हणजे झालं." तेव्हापासून तिने उड्या सोडल्या, धावणं सोडलं आणि डॉक्टरकडे जाणंही टाळलं. डॉक्टर थेट कापाकापीच सांगणार, अशी तिची खात्री होती.

एका सकाळी ती तिसऱ्या मजल्यावरून उतरत होती. मागून त्याच मजल्यावर राहणाऱ्या, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या घड्याळजींनी हाक मारली, "अहो टपालताई, माझी सही राहिली!"

ती गर्रकन वळली. अंग वळलं, पण डावा पाय पायरीवर रोवलेलाच राहिला. कळ मस्तकात गेली आणि ती मटकन खाली बसली. पाकिटं दोन मजल्यांवर पसरली. गुडघ्याच्या बाजूला भलताच उंचवटा आलेला बघून घड्याळजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे बापरे, वाटी घर सोडून निघाली की!"

दुखत असतानाही तिला हसू फुटलं. तिने दात-ओठ खात पाय हळूहळू सरळ केला, तशी वाटी जागेवर आली. घड्याळजींनी पाकिटं गोळा केली, पोस्टात फोन केला आणि माणूस येईपर्यंत ते थैलीशेजारी पहाऱ्याला बसले.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. हाडाचा तुकडा उडालेला नव्हता.

"ऑपरेशन कधी?" तिने धीर एकवटून विचारलं.

"कोण म्हणालं ऑपरेशन? काही आठवडे पट्टा बांधा, मग व्यायाम. एवढं करूनही पुन्हा पुन्हा सरकली, तर बघू."

इतकी वर्षं ज्याला घाबरली, ते एका वाक्यात निकालात निघालं. तिला स्वतःचाच राग आला.

फिजिओथेरपिस्ट बाई वयाने लहान, पण जिभेने तिखट होत्या. त्यांनी टेबलाचा खण पुढेमागे करून दाखवला. "वाटी अशी खाचेतून सरकते. तुमची खाच जन्मापासून जरा उथळ आहे आणि सांधे सैल. मग वाटीला धरून ठेवणार कोण? मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू. ते तर बसून खाताहेत!"

"बसून? मी दिवसभर जिने चढते हो!"

"उजव्या पायाने चढता. डावा नुसता वऱ्हाडी."

घरी व्यायाम सुरू झाले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची, कुशीवर झोपून पाय उचलायचा. सासूबाईंनी आधी तेलाची वाटी पुढे केली. मग आपलेही गुडघे कुरकुरतात म्हणून त्या शेजारी आडव्या झाल्या.

"तुझे किती झाले गं?"

"बारा."

"माझे पंधरा."

"आई, तुम्ही मधले गाळलेत!"

नवरा बस चालवायचा. तो कामावरून आला की दारातच चार पाय आडवे. "चहा मिळेल का, की आधी उंच उडी मारू?"

"तूच टाक. तिघांचा टाक," सासूबाई पडल्या पडल्या म्हणाल्या.

सहाव्या आठवड्यात हुरूप आला म्हणून तिने दुप्पट व्यायाम केला आणि गुडघा टम्म सुजला. बाईंनी फैलावर घेतलं आणि व्यायाम निम्मा केला. तोवर पोस्टाने तिला पत्रं लावायच्या टेबलावर बसवलं होतं. फार वेळ बसलं तरी वाटी ठणकायची, म्हणून दर अर्ध्या तासाने ती उठून फेरी मारायची.

चौथ्या महिन्यात बाईंनी तिला आरशासमोर लाकडी पायरीवरून उतरायला लावलं. गुडघा आत झुकू द्यायचा नव्हता. दहा वेळा ती सावकाश उतरली, दहाही वेळा गुडघा पावलाच्या रेषेत राहिला.

"उद्यापासून अर्धा भाग वाटा," बाई म्हणाल्या. महिन्याभरात तिला तिचा सगळा भाग परत मिळाला.

थंडीत वाटी अजून करकरते, पण त्यानंतर सरकली नाही. मागच्या रविवारी तिघं गावाबाहेरच्या टेकडीवर गेली. सासूबाई पायथ्याच्या बाकावर बसल्या. लग्नाला वीस वर्षं झाली, पण या टेकडीवर ती पहिल्यांदाच चढली. माथ्यावर भन्नाट वारा होता. उतरताना ती पुढे होती, पावलं छोटी छोटी टाकत, हात मोकळे सोडून. नवीन बूट घातलेला नवरा मागून लंगडत येत होता.

"अगं, जरा थांब की," तो म्हणाला.

"ये सावकाश," ती म्हणाली आणि एका दगडावर ऐसपैस बसून त्याची वाट बघू लागली.