दुभाजकातली दोन बायकांची जागा

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांना नव्या पाट्या होत्या, नळांना मात्र थेंब नव्हता. त्या दुष्काळात मी नांदेडहून ओव्हरसियर म्हणून बदलून आलो आणि आल्या आल्या आमच्या गल्लीपुढच्या रस्त्याच्या मधोमध दुभाजक बांधला. मांडीएवढा उंच, सलग, चुना दिलेला. येता-जाता मी सायकलवरून उतरून त्याच्याकडे बघायचो.

हापसा रस्त्यापलीकडे, आमच्या गल्लीच्या बरोबर समोर. बायकांनी लांबच्या चौकातून वळसा घालावा, असं माझ्या नकाशात होतं. भरली घागर डोक्यावर घेऊन वळसा कोण घालतंय? त्या भिंतच ओलांडायच्या. टँकर सुसाट जायचे. एक दिवस शेजारीण दारात येऊन म्हणाली, "सायेब, तुमची बायको सातव्या महिन्यात ती भिंत चढायलीय. तुमाला ठाव हाय का न्हाई?"

नव्हतं. पाणी घरात येतं, एवढंच मला ठाऊक होतं. लाज वाटली, राग स्वतःचाच आला.

दुसऱ्या दिवशी घागर घेऊन मीच निघालो. भरून परतताना एक पाय भिंतीपलीकडे टाकला आणि टँकरनं हॉर्न दिला. घागर गडगडत गेली, मी भिंतीवर तसाच बसलेला.

"उतरा नवरदेव, वरात गेली पुढं!" हापशावरून कुणीतरी ओरडलं. बायका लई हसल्या.

भिंत तिथंच फोडायची, मध्ये थांबायला ठेंगणा ओटा करायचा, असं ठरवलं. रुंदीसाठी बायकोला अंगणात उभं केलं, एक घागर डोक्यावर, एक कमरेवर, आणि टेप लावला.

"अन् मागून दुसरी आली तर? ती काय रस्त्यात उभी राहील का?" ती म्हणाली.

माप दुप्पट केलं. कचेरीतल्या साहेबांनी कुरकुरत सही केली. काम होईपर्यंत खेपा मीच घातल्या.

ओटा वाळला त्या दिवशी मात्र ती ऐकेना. "माप माझं हाय, आधी मीच जाणार." रिकाम्या घागरी घेऊन निघाली. अर्ध्यात पोचली आणि टँकर आला. मी अलीकडून ओरडलो, ते मलाही ऐकू आलं नाही. टँकर धुरळा उडवत गेला. धुरळा खाली बसला तेव्हा ती ओट्यावर शांत उभी होती, पदरानं तोंड पुसत. तिच्या मागं, त्याच ओट्यावर, शेजारीण उभी होती.